पालुपद

मालेगावची बातमी कशाचीही असू दे. पाणी चार दिवसांनी आलं, पुलाचं काम रखडलं, कांद्याचे भाव पडले. वाक्याच्या तोंडाशी एक शब्द खुर्ची टाकून बसलेला असतो. ‘संवेदनशील असलेल्या मालेगाव शहरात…’ आणि मग पाणी, पूल, कांदा.

खरं तर मराठीत हा कौतुकाचा शब्द आहे. कवी संवेदनशील असतो. नटी संवेदनशील अभिनय करते. लग्नाच्या बायोडेटात मुलगा मनमिळाऊ आणि संवेदनशील असतो. गावाला लागला की त्याच शब्दाचा अर्थ फिरतो. संवेदनशील गाव म्हणजे जिथे सणाच्या आदल्या दिवशी पोलिसांचं संचलन निघतं ते गाव. कवीची संवेदना कवीला काय वाटतं याबद्दल असते. गावाची संवेदना मात्र गावाबद्दल दुसऱ्यांना काय वाटतं याबद्दल असते. गावाला काय वाटतं हे विचारायला त्या शब्दात जागाच नाही.

मी मालेगावचा, मोसम नदीच्या कॅम्पकडच्या बाजूचा. काही वर्षांपूर्वी पुण्यात खोली शोधत होतो. घरमालकीणबाईंनी गाव विचारलं, मी सांगितलं. ‘अगोबाई,’ त्या म्हणाल्या आणि थांबल्या. मग आडनाव विचारलं. तेही सांगितलं. चेहरा सैल झाला. ‘मग ठीक आहे,’ म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या. त्याच आठवड्यात नदीच्या पलीकडचा माझा एक मित्रही पुण्यात खोली शोधत होता. डिग्री तीच, पगार माझ्याहून दोन हजारांनी जास्त. त्याच्या बाबतीत संभाषण ‘मग ठीक आहे’पर्यंत कधी गेलंच नाही. तो आता गाव विचारलं की ‘नाशिक’ म्हणतो. एकशेदहा किलोमीटर सरकवून घेतलंय त्याने स्वतःला.

त्या बाईंवर माझा राग नाही. चहा चांगला केला होता. त्यांनी मालेगाव पाहिलेलं नव्हतं, त्यांच्याकडे फक्त एक शब्दप्रयोग होता, पेपरातून रोज थोडा थोडा आलेला. मला प्रश्न पडतो तो हा : जो शब्दप्रयोग आपण बनवलेला नाही, तयार मिळाला आणि तसाच तोंडातून पुढे गेला, त्याची जबाबदारी आपल्यावर किती?

शाळेत आपण ‘वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ हे दोन मार्कांसाठी केलेलं असतं. मूग गिळणे, गाशा गुंडाळणे, पाणी सोडणे. त्यात एक गंमत कुणी दाखवून दिली नव्हती. बोलण्याबद्दल बोलायचं झालं की मराठी माणूस सरळ गाण्यात शिरतो. एखादा तीच तक्रार पुन्हा करतो तेव्हा तो ‘तुणतुणं वाजवतो’. दुसऱ्याच्या हो ला हो करतो तेव्हा ‘री ओढतो’. मुख्य गाणाऱ्याच्या मागे उभं राहून सूर लांबवणाऱ्यांवरून हे आलं. दुःख सांगत बसला की त्याचं ‘रडगाणं’ होतं. आणि पुन्हा पुन्हा एकच वाक्य म्हणू लागला की आपण वैतागून म्हणतो, ‘झालं याचं पालुपद सुरू.’

यातला एकही शब्द प्रेमाने वापरलेला नाही. आणि यातली एकही गोष्ट गाण्यात वाईट नाही! तुणतुण्याच्या एका तारेवर शाहिराचा सूर उभा असतो. री ओढणारे नसतील तर मुख्य गायकाने श्वास कधी घ्यायचा? आणि पालुपद म्हणजे तर ध्रुवपद, ज्याच्याकडे अख्खं गाणं परत येतं. भजनात टाळकऱ्यांना कडवी पाठ नसली तरी चालतात, पालुपद आलं की सगळे आत. गाण्यात ज्याची वाट पाहतो तेच बोलण्यात आलं की कपाळावर आठी का येते?

माझं उत्तर साधं आहे. गाण्यात दोन पालुपदांच्या मध्ये एक कडवं असतं. कडव्यात काहीतरी घडतं. कुणी रुसतं, कुणी वाट चुकतं, देव विटेवरून हलत नाही. मग तेच पालुपद पुन्हा येतं आणि अक्षरं तीच असून अर्थ जरा सरकलेला असतो, कारण मधल्या काळात आपल्याला काहीतरी जास्त कळलेलं असतं. बोलण्यातल्या पालुपदाच्या मध्ये कडवंच नसतं. कालही तेच, आजही तेच, मध्ये कुणी काही पाहिलेलं नाही.

मी गाणं शिकलेलो नाही, ऐकतो. पण ऐकणाऱ्यालाही एक गोष्ट लवकर कळते : स्वर सांगून राग कळत नाही. भूप आणि देसकार घ्या. दोघांनाही सा, रे, ग, प, ध एवढेच पाच स्वर. मध्यम नाही, निषाद नाही. हार्मोनियमवर तेवढ्याच पाच पट्ट्या. पण भूप गंधारापाशी घर करतो, संध्याकाळी गायला जातो आणि शांत वाटतो. देसकार वरच्या अंगाला धैवतावर उभा राहतो, ऋषभाला फारसा भाव देत नाही आणि सकाळी गायला जातो. भूप गाताना धैवतावर गरजेपेक्षा जास्त रेंगाळलात तर बाजूचा जाणकार भुवया उंचावतो, कारण देसकार दाराशी आलेला असतो. विष्णु नारायण भातखंडे यांनी प्रत्येक रागाबरोबर दोन-चार स्वरांची एक छोटी ओळ दिली. ती म्हटली की राग ओळखलाच. तिला म्हणतात ‘पकड’. (हाच शब्द पोलिसांकडेही आहे. पकड वॉरंट.)

म्हणजे सामग्री तीच ठेवून, कुठून कसं जायचं आणि कुठे थांबायचं एवढ्यानेच दोन वेगळे राग होतात. मालेगावचे स्वर काय? नदी, किल्ला, लाखाहून जास्त यंत्रमाग, उर्दू, मराठी, अहिराणी, कांदा, डाळिंब, दंगलीच्या काही तारखा, दोन बॉम्बस्फोट, आणि घरच्या पैशातून सिनेमा काढणारी पोरं. यात खोटं काहीच नाही. पण रोज एकाच स्वरावर थांबलं की त्याच स्वरांचा दुसरा राग होतो, आणि थांबणारा म्हणू शकतो की मी एकही चुकीचा स्वर लावलेला नाही. एकही शब्द खोटा नसताना वाक्प्रचार अन्याय करू शकतो तो असा.

गाणाऱ्यांच्या बोलीत अशा सुंदर छोट्या फ्रेजला ‘जागा’ म्हणतात. ‘काय जागा घेतली!’ म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो. फ्रेज म्हणजे राहण्याची जागा. चांगला गायक आधी दहा जणांनी घेतलेली जागा घेतो आणि तिथे थोडा वेळ नीट राहतो. बंदिशीचा मुखडा बघा. सोळा मात्रांचं तीनतालाचं आवर्तन. बरेचदा नवव्या मात्रेवरून मुखडा उचलला जातो आणि समेवर येऊन पडतो. अर्ध्या तासात तो किती वेळा येत असेल! दरवेळी तेच शब्द, साधारण तीच चाल. पण गायक मध्ये कुठे भटकून आला, किती उशिरा परतला, घाईत की निवांत, यावर त्या मुखड्याची किंमत ठरते. समेवर आपण मान हलवतो ती मुखड्याला नसते, परतण्याला असते.

तयार शब्दप्रयोगांना सरसकट शत्रू मानणारे लोक आहेत. जॉर्ज ऑर्वेलने 1946 साली राजकारण आणि इंग्रजी भाषेवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की तयार वाक्प्रचार आपल्या वतीने विचार करून टाकतात आणि आपल्याला कळतही नाही. सत्तेच्या भाषेबद्दल हे शंभर टक्के खरं आहे. पण माणसांच्या भाषेबद्दल मला ते अर्धंच पटतं.

माझे आजोबा गेले त्या दिवशी नदीपलीकडून एक कारखानदार आले होते. कारखानदार म्हणजे मोठा कुणी नाही, पत्र्याच्या शेडमध्ये थोडे लूम असलेला माणूस. आजोबा आणि ते सूत-कापडाच्या व्यवहारातले जुने ओळखीचे. आमच्याकडची मराठी रडारड, तांब्या, दर्भ, यात काय बोलायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. आले, वडिलांचा हात धरला, म्हणाले, ‘अल्लाह सब्र दे. बहुत अच्छे आदमी थे.’ आणि तासभर ओट्यावर बसून राहिले. त्यांच्या दोन्ही वाक्यांत नवं काय होतं? काहीच नाही. प्रत्येक मयतीत तीच म्हटली जातात. पण त्या दिवशी त्यांनी स्वतःची वाक्यं शोधत बसावं अशी अपेक्षा करणं हा मला क्रूरपणा वाटतो. दुःखात माणसाला पाठ टेकायला काहीतरी लागतं. उर्दूत सतत तोंडी येणाऱ्या शब्दांना ‘तकिया कलाम’ म्हणतात, म्हणजे बोलण्याचा तक्क्या. त्या दिवशी तो तक्क्या सगळ्यांनाच लागत होता.

त्या संध्याकाळी फॅमिली ग्रुपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ चाळीसेक वेळा आली होती. त्यातली किती भावपूर्ण होती हे मी मोजणार नाही, मलाही अशी शंभरदा पाठवायची वेळ आली आहे. पण त्या कारखानदारांचं वाक्य आणि तो मेसेज दोन्ही सारखेच तयार, तरीही फरक होता, आणि तो शब्दांत नव्हता. त्यांनी पूल ओलांडला होता. वाक्याच्या आधी आणि नंतर त्यांचा एक तास होता.

उर्दूतला आणखी एक शब्द सांगतो. वाक्प्रचाराला तिकडे ‘मुहावरा’ म्हणतात. अरबीतून आलेल्या या शब्दाच्या मुळाशी दोघांची बोलाचाली आहे, उलटसुलट बोलणं. आपला ‘वाक्प्रचार’ म्हणजे प्रचारात असलेलं बोलणं, चलनातलं. दोन्ही शब्द बरोबर आहेत. फक्त चलन एकतर्फीही चालतं. बोलाचालीला समोर माणूस लागतो.

आता अवघड भाग. 8 सप्टेंबर 2006, शुक्रवार, शब-ए-बरात. मालेगावच्या बडा कब्रस्तान परिसरात नमाजनंतर स्फोट झाले. तीसहून अधिक माणसं मेली. नंतरच्या दिवसांत बातम्यांतून एक वाक्प्रचार फिरू लागला, जो प्रत्येक गुन्ह्यात फिरतो : तपास यंत्रणांच्या हाती महत्त्वाचे धागेदोरे लागले. सुतावर जगणाऱ्या गावात हा वाक्प्रचार वाचताना कसं वाटत असेल याचा विचार करा. इथे धागा तुटला की लूम थांबवतात. कामगार तुटलेलं टोक शोधतो, गाठ मारतो, मगच पुढे. न शोधता लूम चालू ठेवला तर कापडात दोष जातो आणि ते कापड पडेल भावाने जातं. त्या प्रकरणात नऊ जण पकडले गेले, सगळे मुसलमान. पाच वर्षांनी, 2011 मध्ये, ते जामिनावर सुटू लागले. 2016 मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं. तोवर त्यातला एकजण हयात नव्हता.

29 सप्टेंबर 2008 ला भिक्कू चौकात पुन्हा स्फोट झाला, सहा जण गेले. या वेळी पकडले गेलेले लोक हिंदू होते, त्यामुळे वाक्प्रचारही नवे आले. ज्यांना एका रंगाचा दहशतवाद म्हणायला आवडत होतं त्यांनी दुसऱ्या रंगाचा म्हणणाऱ्यांवर तोंडसुख घेतलं, आणि उलट. 31 जुलै 2025 रोजी विशेष न्यायालयाने सातही आरोपींची निर्दोष मुक्तता केली. त्या दिवशी टीव्हीवर रंगांवरच चर्चा झाली. भिक्कू चौकात कोण मेलं, त्यांची नावं काय, हे मला त्या दिवशी एकाही चॅनेलच्या खालच्या पट्टीवर दिसलं नाही. रंग जोडलेला शब्दप्रयोग दोन्ही बाजूंना सोयीचा, कारण त्यात माणूस मोजावा लागत नाही. एका समाजाला आरोपी करायला अर्धा सेकंद पुरतो. एका माणसाला आरोपमुक्त व्हायला दहा वर्षं लागली.

म्हणून मी सुरुवातीच्या प्रश्नाला थोडं कडक उत्तर देतो. तयार शब्दप्रयोग वापरणं हा गुन्हा नाही, त्यावाचून कुणी बोलूच शकत नाही. पण तो दुसऱ्यांदा वापरताना मधल्या काळात मी काही पाहिलं का, कुणाला विचारलं का, याचं उत्तर माझ्याकडे असायला हवं. नसेल तर तो शब्द दुसऱ्याने बनवलेला असला तरी तेवढ्यापुरता माझा आहे, त्याच्या परिणामांसकट. ज्याच्या शब्दाने कुणाला खोली मिळते किंवा नाही मिळत, तुरुंग मिळतो किंवा नाही मिळत, त्याच्यावर हे जास्त. व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड करणाऱ्यावर थोडं कमी, पण शून्य नाही.

कुणी म्हणेल, मालेगाव संवेदनशील नाही का? 2001 ची दंगल झाली नव्हती का? झाली होती. एखाद्या मिरवणुकीच्या दिवशी बंदोबस्ताच्या आदेशात तो शब्द लिहिणाऱ्या अधिकाऱ्याशी माझं भांडण नाही. त्याला त्या दिवशी, त्या रस्त्यावर, एवढी माणसं लावायची आहेत. शब्दाला तारीख आहे, हद्द आहे. पाणीपुरवठ्याच्या बातमीत त्याला काय काम? एकदा करून बघा : बातमीतून तो शब्द काढा आणि वाक्य पुन्हा वाचा. काही तुटलं नसेल तर तो तिथे सवयीने बसला होता.

आता मालेगावातलंच उलटं उदाहरण, आणि ते मला या सगळ्या गांभीर्यापेक्षा जास्त शिकवून गेलं. इथे शुक्रवारी लूम बंद असतात. आठवडाभर कानात खटखट, आणि शुक्रवारी कामगार सिनेमाला. त्यांना हिंदी सिनेमे संवादांसकट पाठ. ‘शोले’ 1975 मध्ये आला तेव्हा त्याच्या नुसत्या संवादांचीही रेकॉर्ड निघाली होती, गाण्यांसारखी, म्हणजे देशाने तो सिनेमा कानानेच पाठ केला. मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेखने 2000 च्या सुमारास काही हजार रुपयांत ‘मालेगाव के शोले’ काढला. गब्बरसिंगचा झाला रबरसिंग. बसंतीची झाली बासमती. घोडे परवडत नव्हते म्हणून डाकू सायकलवरून आले.

याला नक्कल म्हणून सोडून देता येईल. पण बघा काय झालं. देशातला सगळ्यात झिजलेला संवाद, टोळीला माणसांचा आकडा विचारणारा, सगळ्यांना पाठ. म्हणजे पालुपद. मालेगावच्या पोरांनी पालुपद तेच ठेवलं आणि मध्ये स्वतःचं कडवं घातलं : आपली सायकल, आपली बोली, आपल्याकडे नसलेले पैसे. तो संवाद परत येतो तेव्हा हसू येतं, कारण दरोड्याला निघालेला माणूस पॅडल मारून दमलेला आहे. अमजद खानच्या डाकूची भीती वाटते. रबरसिंगची कीव येते, आणि आपल्याच गल्लीतला वाटतो. उसनं घेऊन परत करताना त्यात स्वतःचं घातलेलं आहे. हा माझ्या मते शब्दप्रयोगाचा सगळ्यात प्रामाणिक वापर आहे, आणि तो करताना कुणीही प्रामाणिकपणाबद्दल बोलत नव्हतं.

पुढे त्यांनी ‘मालेगाव का सुपरमॅन’ काढला. त्याच्या शूटिंगवर फैझा अहमद खान यांची ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ ही डॉक्युमेंटरी आहे, आणि रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ 2025 मध्ये थिएटरला लागला. तो तुम्ही कदाचित पाहिला असेल. आधी डॉक्युमेंटरी पाहा, असा माझा आग्रह. त्यात सुपरमॅन झालेला शफीक शेख लूमवर काम करणारा माणूस आहे, इतका बारीक की अंगावरचा ड्रेस त्याला लोंबतो. ‘सुपरमॅन’ या शब्दात अमेरिकेने जेवढं मांस भरलं होतं तेवढं सगळं काढून टाकलेलं. तो तंबाखू-गुटख्याविरुद्ध लढतो. गाव तेच थुंकत असतं. नंतर शफीक स्वतः कॅन्सरने गेला.

तेव्हापासून कुठेही ‘सुपरमॅन’ हा शब्द आला की माझ्या डोळ्यांसमोर आधी तोच येतो, छाती काढून उभा, वाऱ्याने हलणारा. मोठ्या स्टुडिओने एवढे पैसे ओतून केलेला नंतर येतो. माझा मित्र, तो नाशिकवाला, परवा फोनवर म्हणाला की ऑफिसात नव्या मुलीने गाव विचारलं. त्याने सवयीने नाशिक म्हटलं. ती म्हणाली, ‘मग तुला मालेगाव माहीत असेल ना? ते सुपरमॅनवालं?’

‘मग काय म्हणालास?’ मी विचारलं.

‘म्हटलं, हो, ऐकलंय,’ तो म्हणाला. मग थोडा वेळ काहीच बोलला नाही. मागे त्याच्या घरात कुणीतरी टीव्हीचा आवाज वाढवला.